कॅज्युअल्टीत आलेली पोरं वाचतात, घरी जातात, पण मानसोपचारापर्यंत पोचतच नाहीत. काय करावं?

रातपाळी_सिस्टर

नमस्कार. मी मराठवाड्यातल्या एका उपजिल्हा रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. गाव-तालुका मुद्दाम लिहीत नाही आणि खाली कोणाची ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही.

आमच्याकडं कॅज्युअल्टीत पंधरा ते बावीस-तेवीस वयाची पोरंपोरी येतात. कोणी फवारणीचं औषध घेतलेलं असतं, कोणी हातावर ब्लेड मारून घेतलेलं, कोणाची दातखिळी बसली म्हणून चारजण उचलून आणतात, एखादा छातीत धडधडतंय, मरतो की काय म्हणत येतो आणि ईसीजी नॉर्मल निघतो. जीव वाचवायचं काम आमची टीम चांगलं करते, त्यात मला शंका नाही. मग एमएलसी (पोलिसांना कळवायची नोंद) होते, चौकीतून जबाब घ्यायला येतात, घरचे सांगतात "पोट दुखत होतं म्हणून केलं" किंवा "खोकल्याचं समजून चुकून घेतलं", तेच कागदावर जातं आणि चार-सहा दिवसांनी डिस्चार्ज. नाहीतर त्याआधीच सही करून डामा, म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध घरी. डिस्चार्ज कार्डावर सगळ्यात खाली एक ओळ असते, मानसोपचार तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. तज्ज्ञ आहेत जिल्ह्याच्या सिव्हिल हॉस्पिटलला, म्हणजे दोन एसट्या बदलून जायचं. कोणीही जात नाही.

रात्री वॉर्ड शांत झाला की ही लेकरं बोलतात. एकीचे आईबाप दरवर्षी कोयता घेऊन कारखान्याला जायचे, ती लहानपणापासून सहा-सहा महिने नातेवाइकांकडं राहायची आणि तिथं तिनं काय सोसलं ते आजवर आईलाही माहीत नाही. एकाच्या बापानं कर्जापायी जीव दिला तेव्हा तो चौथीत होता आणि पहिल्यांदा बघणारा तोच होता, त्याच्यानंतर घरात त्या विषयावर एक शब्द कोणी बोललं नाही. हे ऐकल्यावर मला कळतं की आत्ताचं भांडण किंवा नापास होणं हे वरवरचं आहे, मूळ खाली कुठंतरी दहा वर्षांपूर्वीचं आहे. सकाळी माझी ड्युटी संपते, राउंडला कोणी विचारत नाही, ते लेकरूही पुन्हा तोंड उघडत नाही.

मला विचारायचंय ते हे की कॅज्युअल्टी किंवा वॉर्डातून अशा पोरांना खरोखर उपचारापर्यंत नेता येतं का? कोणी केलंय का? आणि ती रात्री सांगायला लागली की मी किती विचारावं, कुठं थांबावं? मला भीती वाटते की मी उकरून काढते आणि मग सोडून देते.

मनोविकार_एमडी

सिस्टर, प्रश्न फार नेमका विचारलात. मी मानसोपचारातच आहे, मराठवाड्यातच.

आधी तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं. उकरायचं नाही. लेकरू आपणहून सांगत असेल तर ऐकायचं, मधे तोडायचं नाही, "मग काय झालं, कुठं झालं, किती वेळा" असं खोदायचं नाही. "तू सांगितलंस ते बरं केलंस, ह्यात तुझी चूक नाही, ह्याच्यावर इलाज असतो आणि त्या माणसाशी मी तुझी गाठ घालून देते," एवढं पुरे. जुन्या जखमेवरचं खरं काम पुढं होतं, ट्रॉमासाठीची सीबीटी (विचार आणि वागणुकीवर बोलून करायचा उपचार) साधारण १२ ते १६ बैठकांची असते, शिवाय ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींसोबत त्या आठवणीवर काम करायची पद्धत) आहे. २०१३ च्या डब्ल्यूएचओच्या सूचनांमध्ये मुलांसाठी ह्या दोन्हींची शिफारस आहे. आणि त्याच सूचनांमध्ये हेही आहे की धक्का बसल्यावर पहिल्या महिन्यात झोपेच्या किंवा शांत करायच्या त्या बेंझोडायझेपिन गोळ्या देऊ नयेत, आपल्याकडं मात्र तेच पहिल्यांदा लिहिलं जातं.

लहानपणीचा आघात आणि पुढचा धोका ह्याचा संबंध पक्का आहे. अमेरिकेत कैसर परमनंटे ही आरोग्यसेवा संस्था आणि सीडीसी ही सरकारी आरोग्य संस्था ह्यांनी १९९५ ते ९७ मध्ये सतरा हजारांवर प्रौढांना लहानपणाबद्दल विचारलं, मारहाण, लैंगिक अत्याचार, हेळसांड, घरातली दारू, घरातल्या कोणाचा आत्महत्येचा प्रयत्न, असं. १९९८ ला पहिला पेपर आला. चार किंवा जास्त प्रकारचं सोसलेल्यांना दारू, नशा, डिप्रेशन आणि आत्महत्येचा प्रयत्न ह्यांचा धोका काहीच न सोसलेल्यांपेक्षा ४ ते १२ पट निघाला. आणि आपल्याकडं असं नसतं म्हणणाऱ्यांसाठी, २००७ च्या आपल्याच महिला-बालविकास मंत्रालयाच्या अभ्यासात १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलले होते, त्यात ५३.२२ टक्के मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक त्रास झाल्याचं सांगितलं. पण म्हणून कॅज्युअल्टीत ती यादी घेऊन बसू नका. अर्धवट उघडलेली जखम घेऊन पोरगं घरी जाईल.

कॅज्युअल्टीत विचारायचं ते आत्ताच्या धोक्याचं. एएसक्यू म्हणून चार प्रश्न आहेत, २०१२ साली इमर्जन्सीत आलेल्या १० ते २१ वयाच्या मुलांवरच तपासलेले, अर्धं मिनिटही लागत नाही. गेल्या काही आठवड्यांत आपण मेलो असतो तर बरं असं वाटलं का, आपण नसतो तर घरच्यांचं बरं झालं असतं असं वाटलं का, गेल्या आठवड्यात जीव द्यायचा विचार आला का, आणि याआधी कधी प्रयत्न केला का. एकाला जरी हो आलं तर पाचवा, आत्ता ह्या क्षणी तसं वाटतंय का. त्याला हो आलं तर एकटं सोडायचं नाही आणि तज्ज्ञांनी बघितल्याशिवाय घरी पाठवायचं नाही. आईबापाला बाहेर थांबवूनच विचारा. विचारल्यानं डोक्यात विचार येतो हा गैरसमज आहे, उलट बऱ्याच पोरांना हलकं वाटतं.

दातखिळीवाल्या पोरींबद्दल एक. फिट नाही ना हे तपासून झालं की नाकाला अमोनियाचा बोळा लावणं, छातीवर मूठ घासणं, "नाटक बंद कर" म्हणणं हे कृपा करून थांबवा. ते नाटक नसतं, आणि त्यातल्या कितीतरी जणींच्या मागं जुना अत्याचार निघतो.

एमओ_तालुका

डॉक्टरसाहेब, सगळं मान्य, पण जमिनीवरचं सांगतो. रात्री मी एकटा असतो. एकीकडं मोटरसायकलचा अ‍ॅक्सिडेंट, तिकडं साप चावलेला माणूस, मधेच डिलिव्हरी, बाहेर नातेवाइकांची पन्नासजणांची गर्दी आणि त्यातला एखादा दादा अंगावर येणारा. पोरीला बाजूला घेऊन शांतपणे विचारायला ना जागा ना वेळ. काउन्सेलरची पोस्ट कागदावर आहे, माणूस नाही. मला ह्या पोरांची काळजी नाही असं नाही हो, पण आम्हाला नवीन प्रश्नावली दिली की अजून एक रजिस्टर भरायचं एवढंच होतं. प्रश्न विचारला, हो आलं, पुढं पाठवू कुठं?

मनोविकार_एमडी

सर, तुमचं बरोबर आहे आणि म्हणूनच मी म्हणतो की त्या चार प्रश्नांपलीकडचं काम कॅज्युअल्टीत करायचंच नाही, वॉर्डात करायचं. औषध घेतलेला पेशंट आपण लगेच सोडत नाही, श्वासाचा त्रास उशिरा होऊ शकतो म्हणून काही दिवस ठेवतोच. एरवी हे पोरगं आपल्याकडं कधी येणार नाही, आणि आत्ता ते चार दिवस एका कॉटवर आपल्यासमोर आहे. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, शुद्धीवर नीट आल्यावर, एक तास. त्यासाठी मानसोपचार तज्ज्ञच लागतो असंही नाही.

डब्ल्यूएचओनं पाच देशांत हे करून पाहिलंय, आपल्याकडून चेन्नई होतं त्यात. आत्महत्येचा प्रयत्न करून इमर्जन्सीत आलेले १८६७ जण. अर्ध्यांना नेहमीचे उपचार, बाकीच्यांना त्याशिवाय डिस्चार्जच्या सुमारास एक तासाचं बोलणं आणि पुढच्या १८ महिन्यांत ९ वेळा फोन किंवा भेट. बोलणारे डॉक्टर, नर्स, मानसशास्त्रज्ञ कोणीही. २००८ मध्ये निकाल आला, पहिल्या गटातले २.२ टक्के लोक आत्महत्येनं गेले होते, दुसऱ्यातले ०.२ टक्के. एवढा फरक गोळ्यांनी पडलेला मी तरी पाहिला नाही. त्या तासात करायचं काय तर सेफ्टी प्लॅन, पेशंटच्याच शब्दांत कागदावर लिहायचा: मनात तसं यायला लागतं तेव्हा आधी काय होतं, तेव्हा मी एकटा काय करू शकतो, कोणाकडं जाऊन बसू शकतो, कोणाला फोन करू शकतो, आणि घरात काय काय कुलपात ठेवायचं. शेवटचं घरच्यांनी करायचं, फवारणीची औषधं कुलपात आणि किल्ली एका मोठ्या माणसाकडं. अमेरिकेत माजी सैनिकांच्या दवाखान्यांमध्ये इमर्जन्सीतच हा प्लॅन करून नंतर फोन केले तर पुढच्या सहा महिन्यांत आत्महत्येचे प्रयत्न वगैरे ४५ टक्क्यांनी कमी झाले आणि मानसोपचारालाही जास्त जण पोचले.

आणि ते "पोट दुखत होतं" प्रकरण. घरचे पोलिसांच्या भीतीनं खोटं सांगतात आणि मग तोच कागद धरून पुढं सगळे उपचार पोटदुखीचे होतात. त्यांना स्पष्ट सांगा की २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम ११५ नुसार प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरलं जातं आणि त्याला शिक्षा नाही, उलट त्याच्या उपचाराची जबाबदारी सरकारची आहे. आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा देणारं जुनं ३०९ कलम तर १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेत तसं राहिलेलंच नाही. हे ऐकल्यावर आईबापाचा चेहरा बदलतो, मग खरं बोलतात.

निवृत्त_समाजसेवा_अधीक्षक

सिस्टर, मी सरकारी दवाखान्यात समाजसेवा अधीक्षक म्हणून आयुष्य काढलं, आता निवृत्त आहे. चिठ्ठी देणं म्हणजे पोचवणं नव्हे हे सगळ्यात आधी लक्षात घ्या. पेशंटला कोणत्या वारी, किती वाजता, कोणत्या खोलीत, कोणत्या नावाच्या माणसाला भेटायचं हे माहीत असेल आणि तो माणूस आधीच फोनवर एकदा त्याच्याशी बोललेला असेल तरच तो जातो. मी वॉर्डातूनच फोन लावून द्यायचो, "हे घे, ह्या ताई बोलतायत, ह्यांच्याकडंच तुला यायचंय." दोन मिनिटांचं बोलणं असतं पण अनोळखी माणूस ओळखीचा होतो. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची टीम सिव्हिलला असते आणि ती ठरलेल्या दिवशी उपजिल्हा-ग्रामीण रुग्णालयाला भेट देते, तो वार कोणता हे तुमच्याकडं कॅज्युअल्टीत भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहिलेलं पाहिजे. शक्य तिथं त्या वारापर्यंत डिस्चार्ज थांबवून ठेवायला एमओ (मेडिकल ऑफिसर) साहेबांना सांगा. एक दिवस जास्त राहिलं तर काही बिघडत नाही, गेलेलं पोरगं परत आणणं मात्र फार अवघड.

फोनचं फार महत्त्वाचं. केसपेपरवर जो नंबर असतो तो बापाचा किंवा भावाचा असतो आणि कधीकधी त्रास देणाराच घरात असतो. म्हणून वॉर्डात असतानाच विचारून घ्या की फोन कोणाच्या नंबरवर करू, किती वाजता, आणि दुसऱ्यानं उचलला तर काय सांगू. "दवाखान्यातून तब्येत विचारायला फोन केलाय" एवढंच सांगायचं हे दोघांत ठरलेलं असावं. पहिला फोन दोन दिवसांच्या आत गेला पाहिजे.

ऊसतोडीच्या घरच्या लेकरांचा हिशोब वेगळा. दसरा-दिवाळी झाली की गाव रिकामं, मार्च-एप्रिलपर्यंत ती पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात, उचल घेतलेली असते त्यामुळं मुकादम मधे सोडत नाही. सप्टेंबरात आलेल्या पोरीला तुम्ही "दोन महिन्यांनी दाखवा" म्हणालात तर ती येणारच नाही, ती तेव्हा फडात असेल. तिला जायच्या आधी दोन-तीन भेटी उरकून द्या आणि पुढं टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, १४४१६, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलतात, ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. तिथूनही गरज पडली तर जिल्ह्याच्या टीमकडं जोडून देतात. लेकराला मागं ठेवणारच असतील तर नातेवाइकांऐवजी हंगामी वसतिगृहात सोय होते का ते शाळेतून बघा, तुमच्या त्या पोरीच्या बाबतीत हाच खरा इलाज होता असं मला वाटतं.

अठराच्या आतल्या लेकरानं लैंगिक अत्याचाराचं सांगितलं तर पोक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार कळवणं बंधनकारक आहे, डॉक्टर-नर्स सगळ्यांना. त्यामुळं "कोणाला सांगणार नाही" असं वचन कधीच देऊ नका. आधीच म्हणा की तू सुरक्षित राहावीस म्हणून काही गोष्टी मला सांगाव्या लागतील, पण तुला न सांगता मी काही करणार नाही. उपचार एफआयआरसाठी थांबवता येत नाहीत. बालकल्याण समितीकडून केस संपेपर्यंत सोबतीला एक मदतनीस व्यक्ती मिळू शकते, मागून घ्या, बऱ्याच जणांना हे माहीतच नसतं. अत्याचारग्रस्तांना आर्थिक मदत देणाऱ्या मनोधैर्य योजनेचा अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं. रात्री-अपरात्री काही सुचेना तर १०९८, मुलांसाठीची हेल्पलाइन. आणि ज्या पोराचे वडील गेले त्याला बालसंगोपन योजना लागू होते का ते जिल्हा बाल संरक्षण कक्षात विचारा, एक पालक असला तरी चालतं. घरात महिन्याला थोडे पैसे यायला लागले की आईही गाडीभाडं काढून लेकराला दवाखान्यात आणते.

अनामिका_२३

मी वाचत होते सगळं, लिहावं की नाही कळत नव्हतं. मी अशीच एक पेशंट होते सतरा वर्षांची असताना. कुठल्या दवाखान्यात ते नको. मला काय आठवतं तर कॅज्युअल्टीत सगळ्यांसमोर मोठ्यानं विचारलं गेलं की काय लफडं होतं का आणि मी भिंतीकडं तोंड करून पडले आणि ठरवलं की आता कोणाशीच बोलायचं नाही. मग वॉर्डात एक सिस्टर होत्या त्यांनी मम्मीला चहा आणायला पाठवलं आणि माझ्याजवळ बसून हळूच विचारलं की घरात कोणाची भीती वाटते का तुला. बस एवढंच. मी हो म्हणाले आणि लई रडले आणि त्यांनी पुढं काहीच विचारलं नाही, फक्त हात धरून बसल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनीच मला काउन्सेलर मॅडमकडं नेलं, म्हणजे सोबत आल्या चालत.

नंतर मी मधे सोडून दिलं होतं कारण ओपीडीत लाइन मोठी, आत गेलं की पाच मिनिटं, गोळ्या बदलून देणार, आणि बाहेर गावातलं कोणी दिसलं तर काय सांगायचं. पण त्या मॅडमचा फोन आला, रागावल्या नाहीत, म्हणाल्या ये पुन्हा. मी गेले. आता बरीय, नोकरी करते. झोपेत दचकायचं अजून होतं कधी कधी पण आता मला माहितीय की ते काय आहे आणि तेव्हा काय करायचं. सिस्टर, तुम्ही विचारताय ना किती विचारावं, फार विचारू नका पण एक विचाराच. आणि जमलं तर स्वतः सोबत जा, एकटीला चिठ्ठी घेऊन पाठवू नका, मी एकटी गेलेच नसते.

आशाताई_नांदेड

अनामिका बाळा, तू लिहिलंस ते लई बरं केलंस.

मी आशा आहे, नांदेडकडली. आमच्याकडं घरचे काय म्हणतेत, पोरीला लागीर झालंय, बाहेरचं आहे. आधी देवऋष्याकडं, मग दर्ग्याला, मग पैसे संपले की दवाखान्यात. मी भांडत नाही त्यांच्याशी, म्हणते तुम्ही ते करा पण हेबी करा. "येड्याच्या डॉक्टरकडं" म्हणलं की सासू-सासरे उठून जातेत, मनून मी सांगते लेकीला झोप लागंना, धडधड व्हायली, जेवण जाईना, त्याचा डॉक्टर सिव्हिलला बसतो. हे खोटं बी नाही ना. २०१५ पासून प्रेरणा प्रकल्पात आम्हाला घरोघर जाऊन शेतकऱ्यांच्या घरी ताण आहे का ते विचारायचं शिकवलंय, तर सिस्टर तुम्ही डिस्चार्जच्या दिवशी गावच्या आशाला एक फोन करा, पण पेशंटला विचारून करा आणि आतलं काही सांगू नका, फक्त म्हणा की हिच्या घरी जरा चक्कर मारत जा. आमच्या गावातल्याच असतो आम्ही, एखादी पोरगी आशाला कळू नये म्हणली तर तिचं ऐका.

एक मात्र कोणी लिहिलं नाही. पंधराव्या-सोळाव्या वर्षी लग्न लावून दिलेल्या पोरी. त्यांचं लहानपण संपायच्या आधीच सगळं सुरू झालेलं असतंय, आणि दवाखान्यात सोबत नवरा नाहीतर सासू उभी. त्या काय बोलणार.

गुरुजी_उमरगा

मी शिक्षक आहे, उमरगा भागातला. आमच्याकडं ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर किती लेकरं अशी वाढली की ज्यांनी पहाटे ढिगाऱ्यातून आईबाप निघताना पाहिले. घरं बांधून मिळाली, पत्र्याचे शेड गेले, पण त्यांच्याशी त्या रात्रीबद्दल बसून कोणी बोललं असं मला फारसं आठवत नाही. आता ती माणसं चाळिशीत आहेत, त्यांची मुलं माझ्या वर्गात. दवाखान्यातून सुटून आलेलं पोरगं सोमवारी शाळेतच येतं, तेव्हा शाळेलाही धरा ह्यात. पेशंटनं होकार दिला तर एका विश्वासाच्या शिक्षकाला एवढंच कळवा की ह्याच्याकडं लक्ष असू द्या. कारण काय ते नाही सांगितलं तरी चालेल, वर्गात चर्चा होऊ न देणं हे आमचं काम.

रातपाळी_सिस्टर

सगळ्यांचे मनापासून आभार. अनामिका, तुझं वाचून मी ड्युटीवरच रडले.

अजून एक विचारायचंय डॉक्टरांना. पेशंट अठराच्या वर आहे, लग्न झालेली, आणि नवरा म्हणतो मानसोपचार-बिनसोपचार काही नको, घेऊन जातो. तेव्हा काय? आणि अठराच्या आत असेल आणि त्रास देणारा बापच असेल तर सही कोणाची?

मनोविकार_एमडी

अठराच्या वर असेल आणि समजून घेऊन निर्णय घेऊ शकत असेल तर संमती तिची, नवऱ्याची नाही. तिनं तुम्हाला काय सांगितलं ते नवऱ्याला सांगायचं नाही, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातच कलम २३ गोपनीयतेचं आहे. व्यवहारात मात्र नवऱ्याशी भांडण नको, ती उद्या त्याच्याच घरी जाणार आहे. तिला एकटीला विचारा, अत्याचार सोसणाऱ्या बायकांसाठीच्या सखी वन स्टॉप सेंटरचा नंबर आणि महिला हेल्पलाइन १८१ तोंडी पाठ करून द्या, कागद पर्समध्ये सापडला तर अडचण होते. टाके काढायला किंवा रक्त तपासायला म्हणून जी तारीख देता तीच मानसोपचाराच्या वाराची द्या.

दुसऱ्यात बापाच्या सहीची वाट बघू नका. लगेच बालकल्याण समिती आणि १०९८, समिती पालकाच्या जागी निर्णय घेऊ शकते. तोवर लेकराला वॉर्डातून सोडायचं नाही, एमओंना केसपेपरवर तसं लिहायला सांगा, आणि तो भेटायला आला तर सिस्टर किंवा मावशी तिथं हजर पाहिजे.

एमओ_तालुका

वरचं सगळं वाचलं. वॉर्डात दुसऱ्या दिवशी करायचं असेल तर आमच्याकडं होऊ शकतं, ड्रेसिंग रूमच्या मागं एक खोली रिकामी आहे. कोणाकडं सेफ्टी प्लॅनचा मराठीत केलेला एका पानाचा नमुना असेल तर इथं टाका प्लीज, झेरॉक्स मी काढतो.

निवृत्त_समाजसेवा_अधीक्षक

माझ्याकडं हातानं लिहिलेला आहे, वॉर्डात वापरलेला. नातवाकडून टाइप करून घेतो आणि रविवारपर्यंत इथं टाकतो. त्यात फोन कोणाच्या नंबरवर करायचा आणि दुसऱ्यानं उचलला तर काय सांगायचं ह्यासाठी वेगळी ओळ ठेवलेली आहे.